शेंद्रीचा रंग पाण्यात का उतरत नाही?

गोव्यात बागेत किंवा परसाच्या कडेला शोभेसाठी लावलेली शेंद्री अनेकांनी पाहिली असेल. फिकट गुलाबी फुलं आणि मागाहून मऊ काट्यांच्या लालभडक बोंडांचे घोस. बोंड वाळलं की दोन फाकांत उकलतं. आतली बी चिमटीत चोळा, बोटं शेंदरी होतात. नुसत्या पाण्याने डाग हटत नाही. खोबरेल तेल चोळलं की सुटू लागतो.

बियांवरच्या पातळ, मेणचट थरात बिक्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. टोमॅटोला लाल करणारं लायकोपिन तोडून झाड ते बनवतं. त्याची लांब कार्बनसाखळी निळा प्रकाश शोषते, म्हणून आपल्याला नारिंगी दिसतं. ही साखळी तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाहीच. अल्कलीची (सोड्यासारख्या पदार्थाची) प्रक्रिया केली तर मात्र त्याचं नॉरबिक्सिन होतं आणि ते पाण्यात विरघळतं. चीजमध्ये बहुधा हेच वापरतात, कारण ते दुधातल्या प्रथिनांना धरून बसतं.

पावाला लावतो त्या बटरमध्येही शेंद्री असू शकते. म्हैस चाऱ्यातल्या बीटा कॅरोटीन या पिवळसर रंगद्रव्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, त्यामुळे तिच्या दुधाचं लोणी पांढरंशुभ्र निघतं. विकतच्या पिवळ्या बटरच्या वेष्टनावर ‘१६०बी’ हा खाद्यरंगाचा क्रमांक असेल, तर तो रंग शेंद्रीचा. पण त्यावरून बटर अधिक कसदार समजू नये. बिक्सिनपासून शरीरात अ जीवनसत्त्व बनत नाही.

झाड मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. १५४१-४२मध्ये ॲमेझॉन नदीतून प्रवास करणाऱ्या ओरेलानाचं नाव त्याच्या शास्त्रीय नावात आहे. मेक्सिकोच्या युकातानमध्ये या बिया मसाल्यात वाटून मांसाला चोळतात. त्याच खंडातून पोर्तुगिजांबरोबर आलेली मिरची आपल्या हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत मुरली, काजूने डोंगर व्यापले, शेंद्री मात्र कुंपणापाशीच राहिली. याची मला खरंच खंत वाटते.

वापरायची तर चमचाभर बिया अर्धी वाटी तेलात अगदी मंद आचेवर ठेवाव्यात. तेल केशरी झालं की लगेच गाळावं. बिया काळवंडल्या तर तेल कडू होतं आणि रंगही जातो. चव सौम्य, किंचित मिरमिरीत, मातकट. क्वचित कुणाला याची ॲलर्जी असते, तेव्हा आधी थोडंच खाऊन पाहावं. बाटली उजेडात ठेवू नये, बिक्सिन प्रकाशाने फिकं पडतं.