वृद्धाश्रमातील कीडनियंत्रण व इमारत देखभाल (नाशिक)

वृद्धाश्रम, शुश्रूषागृह किंवा तत्सम निवासी संस्थेच्या इमारतीत ढेकूण, झुरळ, उंदीर, डास व वाळवी यांचा उपद्रव रोखणे आणि त्यासाठी इमारत कोरडी व बंदिस्त राखणे, असे या कामाचे स्वरूप आहे. एरवी घरात पेस्ट कंट्रोल करायचे म्हटले की माणसे चार-सहा तास बाहेर जातात. वृद्धाश्रमात ते जमत नाही. अंथरुणाला खिळलेले, दम्याचे, स्मृतिभ्रंशामुळे हाती लागेल ते तोंडात घालणारे रहिवासी त्याच खोलीत दिवसरात्र असतात. म्हणून येथे गवंडी, प्लंबर आणि सुतार आधी बोलवावेत, फवारणीवाला शेवटी.

नाशिकमध्ये या कामाची सुरुवात जोत्यापासून होते. गोदावरी खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्या या हालचालीने इमारतीभोवतीचा कोबा भिंतीपासून सुटतो आणि एप्रिल-मेमध्ये तेथे बोट जाईल एवढी फट दिसते. मुंग्या, वाळवी व घुशींना ती आयतीच वाट होते. शहराच्या कडेला, मळ्यांना लागून असलेल्या बंगल्यांत पीक निघाल्यावर शेतातले उंदीर शिरतात आणि त्यांच्या मागावर सापही येतात. पंचवटी व जुन्या नाशकातील वाड्यांत ओल धरलेल्या भिंती आणि लाकडी तुळया असल्याने वाळवीची धास्ती अधिक. नदीकाठच्या भागात पुराचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट २०१९ सारखा पूर आला की गटारांतले उंदीर वर येतात. त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार पसरू शकतो, त्यामुळे पूर ओसरल्यावर सफाई करणाऱ्यांना गमबूट व हातमोजे दिलेच पाहिजेत.

ढेकूण हा सर्वांत चिवट प्रश्न. नवे रहिवासी आपली ट्रंक, गोधडी, कधी खाटही घेऊन येतात आणि त्यांतून ढेकूण येतात. उतारवयात पुष्कळांच्या कातडीवर चाव्याची गांधी उठत नाही, त्यामुळे तक्रार उशिरा येते. तेव्हा अंगावरच्या खुणांची वाट न पाहता पलंग तपासावा. गादीच्या शिवणीची कड उलटली की शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे बारीक काळे डाग दिसतात आणि पलंगाच्या पट्ट्यांच्या जोडात ढेकणांची पांढुरकी कात अडकलेली असते. खाट उन्हात टाकण्याचा जुना रिवाज पुरा पडत नाही, कारण ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात आणि जाड गादीच्या आतपर्यंत पुरेशी उष्णता पोचत नाही. कडक गरम पाण्यात अंथरूण-पांघरूण धुणे, शिवणींवर व जोडांत वाफेचे यंत्र सावकाश फिरवणे, भिंतीच्या फटी पुट्टीने बुजवणे यांचा उपयोग होतो. अंडी साधारण ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून दुसरी फेरी दोन आठवड्यांच्या आत व्हावी. हे सारे त्या खोलीतल्या आजी-आजोबांचा पाणउतारा न होता व्हायला हवे. ढेकूण झाले म्हणून चारचौघांत नाव घेतले गेले, तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.

स्वयंपाकघरातील झुरळांसाठी विषारी आमिषाच्या जेलचे ठिपके फवाऱ्यापेक्षा बरे. जेल लावल्यावर कोणी वरून स्प्रे मारला तर झुरळे त्याला तोंड लावत नाहीत, हे मावशींना नीट सांगून ठेवावे. रहिवाशांच्या कपाटातले लाडू, चिवडा, देवापुढचा प्रसाद यांनाही झुरळे लागतात. त्यावर खाऊ काढून घेणे हा उपाय नव्हे, घट्ट झाकणाचे डबे द्यावेत. आपल्या कपाटातला डबा ही तिथल्या अनेकांची उरलेली एकमेव खासगी गोष्ट असते.

उंदरांचे नेहमीचे विष, ब्रोमॅडिओलोन, रक्त गोठू देत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या इमारतीत ते उघड्यावर ठेवणे धोक्याचे. शिवाय ते खाल्लेला उंदीर काही दिवसांनी कोठेतरी दडून मरतो. पिंजरे लावावेत आणि पेन्सिल जाईल एवढे भोकही जाळी भरून सिमेंटने बंद करावे, कारण नुसता फोम उंदीर कुरतडतात.

डेंग्यूचा डास अंड्यातून पूर्ण वाढायला ७ ते १० दिवस घेतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठलेले पाणी काढून टाकण्याचा दिवस, पाळायचा. त्याची अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात, तेव्हा कूलर व पिंप नुसते रिकामे न करता घासावे लागतात. रिकाम्या पडलेल्या खोलीतील कमोड मात्र हमखास विसरला जातो. धूरफवारणीने उडते डास मरतात, अळ्या नाही, आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. कबुतरांची विष्ठा फुप्फुसांना अपायकारक असल्याने डक्टला व गॅलरीला जाळी बसवावी.

गच्चीची गळती, तुंबलेली पन्हाळी, ठिबकणारे नळ ही कामे मे महिन्यातच उरकावीत. ओल हटली की वाळवी, झुरळे कमी होतात आणि न्हाणीघरात पाय घसरण्याचा धोकाही घटतो. उभ्या इमारतीतील वाळवीसाठी भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात जोत्यालगत छिद्रे पाडून औषध सोडण्याची पद्धत दिली आहे. हे काम खोल्या पाळीपाळीने रिकाम्या करूनच घ्यावे.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. कीडनियंत्रणाचे नियमन कीटकनाशके अधिनियम, १९६८ व नियम, १९७१ यांखाली होते आणि व्यावसायिकाकडे परवाना असावा लागतो. डब्यावरील रंगाची खूण लाल, पिवळी, निळी, हिरवी अशी उतरत्या विषारीपणाने असते. धान्यातील किडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून सुटणारा वायू प्राणघातक असून त्यांचा वापर कायद्याने मर्यादित आहे. वृद्धाश्रमाच्या धान्यकोठीत त्या ठेवू नयेत. कोणत्या खोलीत, कोणत्या तारखेला, कोणते औषध किती वापरले याची नोंद परिचारिकेच्या टेबलावर असावी, म्हणजे रात्री कोणाला धाप लागली तर डॉक्टरांना ती लगेच दाखवता येते.