पुन्हा आरसी किट बांधायला घेताय? आधी हे वाचून घ्या

बेळगावच्या आमच्या दुकानाच्या काउंटरवर आता पोरांपेक्षा त्यांचे बाबाच जास्त रेंगाळतात. कुणाला लहानपणी गल्फमधल्या मामांनी आरसी किटचा, म्हणजे रिमोटवर चालणारी गाडी स्वतः बांधायच्या संचाचा, खोका आणून दिलेला असतो, कुणाची अर्धी बांधलेली गाडी दहावीच्या वर्षी माळ्यावर गेली ती खाली आलीच नाही. आता पैसे स्वतःचे आहेत आणि बिल घरी दाखवायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मधल्या काळात या छंदात बरंच काही बदललंय, ते सांगायला हे पत्रक.

माळ्यावरचा खोका

टाकून देऊ नका, आहे तसा घेऊन या. तामिया या जपानी कंपनीची ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोन्ही गाड्या मूळच्या १९८४ च्या. कंपनीने हॉर्नेट २००४ मध्ये आणि ग्रासहॉपर २००५ मध्ये पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे त्यांचे बरेच भाग आजही नवे मिळतात. टायरचं रबर बहुधा तडकलेलं असतं, ते बदलायचंच.

जुना निकेल-कॅडमियम बॅटरी पॅक मात्र ‘चालतोय का बघू’ म्हणून चार्जिंगला लावू नका. टोकांवर पांढरी पूड दिसली तर बोटाने खरवडूही नका. कॅडमियम विषारी असतं, पॅक घंटागाडीत न टाकता ई-कचऱ्यात द्या.

तेव्हाचा स्पीड कंट्रोलर म्हणजे सर्व्होने (रिमोटच्या इशाऱ्यावर हात फिरवणारी छोटी मोटर) ढकलायची एक पट्टी असायची. गाडी हळू चालवली की उरलेली वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जायची, म्हणूनच तो भाग हात लावला की चटका द्यायचा. आता हे काम इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर करतो. रिमोटमधले लहरी ठरवणारे २७ मेगाहर्ट्झचे क्रिस्टलही गेले. २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटवर चार जण एकाच मैदानात गाड्या पळवू शकतात, कुणाची गाडी कुणाच्या रिमोटला भुलत नाही.

खर्च कुठे करायचा

खोक्याची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. बहुतेक किटमध्ये रिमोट, रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि रंग येत नाहीत. मोटर सहसा येते, कंट्रोलर किटप्रमाणे. बिल करण्याआधी आम्ही पूर्ण यादी काढून देतो, ती मागून घ्या.

आल्या आल्या जो तो वेगवान मोटरीचं विचारतो. आमचं मत उलटं आहे. पहिले जादा पैसे स्क्रूड्रायव्हर आणि चार्जरवर घाला. जपानी किटमधले प्लस स्क्रू जेआयएस (जपानी प्रमाण) मापाचे असतात. घरातला साधा फिलिप्स त्यांत नीट बसत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि स्क्रूचं डोकं झिजवतो. त्यानंतर स्टीलच्या बेअरिंग घाला. अनेक किटमध्ये चाकांना प्लॅस्टिकचे बुश (साध्या कड्या) येतात. ते काढून ११ बाय ५ मिलिमीटरच्या बॉल बेअरिंग बसवल्या की त्याच मोटरीवर गाडी हलकी पळते. सगळ्या किटना एकच माप लागत नाही, तेवढं विचारून घ्या.

गाडी कुठली? खाली टेकणारी टूरिंग कार दिसायला झकास, पण आपल्या गल्ल्यांतल्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासतं. मातीत पळवायची तर बग्गी घ्या. जांबोटीकडच्या दगडगोट्यांत हळूहळू चढवायची हौस असेल तर तामियाच्या सीसी-०२ सारखी जीपच्या बांध्याची गाडी.

बांधताना

पिशव्यांवर ए, बी, सी लिहिलेलं असतं. एका वेळी एकच फोडा. सगळ्या एकदम ताटात ओतल्या तर तीन मिलिमीटरचे आठ आणि दहा लांबीचे स्क्रू निवडण्यातच रविवार जातो.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू स्वतःच आटे पाडत जातो. पहिल्यांदा लावताना टोकाला किंचित साबण चोळा, सोपं जातं. काढलेला स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. बारीक ‘टक्’ होऊन तो जुन्या आट्यात बसल्याचं बोटांना कळतं, मग सुलटा आवळा. तसं न करता दाबला तर नवे आटे पडतात आणि दोन-तीन खेपांत भोक सैल होतं. डोकं टेकलं की थांबायचं. उद्यमबागेतल्या कारखान्यांत दिवसभर लेथवर मायक्रॉन सांभाळणारी मंडळीच इथे हमखास एक वेढा जास्त देतात.

थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) फक्त धातू-धातूच्या जोडाला लावा, प्लॅस्टिकला लागलं तर ते तडकतं. पिनियन (मोटरीवरचा छोटा गिअर) आणि मोठ्या गिअरमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून मोटर आवळा, मग पट्टी काढा, तेवढी फट पुरते. सर्व्होचा हात बसवण्याआधी रिमोट आणि रिसीव्हर चालू करून सर्व्हो मध्यावर आणा. हे राहिलं तर सगळं बांधून झाल्यावर गाडी एकाच अंगाला ओढते आणि पुढचा भाग पुन्हा खोलावा लागतो.

ग्रीस गिअरपेटीच्या आत लावा, बाहेर नको. खानापूरकडची तांबडी धूळ ग्रीसवर बसली की तिची पॉलिश पेस्टच होते आणि गिअरचे दात खाते.

रंग

पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडी आतून रंगवतात. त्यामुळे क्रम उलटा: गडद रंग आधी, फिका नंतर, शेवटी पाठीमागून पांढरा किंवा चंदेरी हात. बाहेरची संरक्षक फिल्म सगळं वाळल्यावरच काढा. रंग पॉलिकार्बोनेटसाठीचाच हवा, साध्या स्प्रेची खपली उडते. आणि आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत स्प्रे करू नका, ओलीमुळे रंगावर पांढरट झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी दुपार बघा.

बॅटरी

पहिली बॅटरी ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड घ्या. लायपो (लिथियम-पॉलिमर) हलकी आणि दमदार आहे, पण सेल ३ व्होल्टच्या खाली उतरला की खराब होतो आणि किटसोबत आलेल्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये तो धोका ओळखून मोटर थांबवायची सोय नसते. लायपोला तिचाच बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) लागतो. चार्जिंग जागेपणी, फरशीवर, सोफ्यापासून लांब. फुगलेला पॅक पुन्हा लावायचा नाही, तो आमच्याकडे दाखवायला आणा. पावसाळ्यात गाडी तीन महिने बसणार असेल तर लायपो चार्जरच्या ‘स्टोरेज’ मोडवर दर सेलला ३.८ व्होल्ट ठेवा, फुल चार्ज नको.

भाग मागताना

तुटलेला तुकडा फेकू नका. भाग ज्या प्लॅस्टिक चौकटीला चिकटून आला होता तिच्यावर अक्षर असतं आणि भागाशेजारी आकडा. ते दोन्ही आणि मॅन्युअलचं मुखपृष्ठ, एवढ्यावर मागणी नोंदवता येते. निपाणी-चिकोडीकडच्या मंडळींनी त्यासाठी बेळगावची फेरी मारायची गरज नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा.