आधी अर्थ बघ

किल्ली फिरवली की बॉनेटखालून 'टक्' असा एकच आवाज यायचा, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझू-विझू व्हायचा आणि इंजिन ढिम्म हलायचं नाही. बॅटरी कोरी करकरीत होती. गाडी १९६६ची मॉरिस मायनर, अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी राहून ट्रेलरवरून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळच्या आमच्या घरी आलेली. बघायला येणारा जो तो सांगायचा, स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) गेलाय, नवा बसव. रात्री मी इचलकरंजीला काकांना फोन लावला. काकांनी उमेदीची सगळी वर्षं ॲम्बॅसॅडरच्या बॉनेटखाली घालवली आहेत.

"काका, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"आधी अर्थ बघ रे. स्टार्टरला नंतर हात लाव. हँडलनं इंजिन फिरतंय ना?"

इंजिन फिरत होतं. प्लग काढून चारही सिलिंडरांत चमचा-चमचा तेल सोडलं होतं, आठवडाभर तसंच ठेवून नंबरप्लेटच्या वरच्या भोकातून हँडल घालून इंजिन हातानं फिरवलं होतं. म्हणजे पिस्टन धरलेले नव्हते. राहिला प्रश्न विजेचा.

गाडीतल्या बहुतेक दिव्यांना, मोटरींना बॅटरीकडून एकच वायर गेलेली असते. विजेचा परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्राच. यालाच अर्थ म्हणतात. इंजिन मात्र हादरे बसू नयेत म्हणून रबरावर टेकवलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन-गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याच्या तारांची एक चपटी पट्टी जोडलेली असते. स्टार्टर इंजिनाला घट्ट बसवलेला असल्यामुळे त्याचा सगळा करंट परत जाताना याच पट्टीतून जातो. इंजिन फिरवताना तो करंट दीडशे अँपियर धरू. पट्टीच्या बोल्टखाली गंज चढून फक्त ०.०२ ओहम रोध तयार झाला, तर ओहमच्या नियमानं तिथेच ३ व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरीच्या बारा व्होल्टांतले तीन गेले की स्टार्टर कण्हतो, आणखी गेले की नुसता टक् करून थांबतो. इतका बारीक रोध साध्या मल्टिमीटरवर ओहममध्ये नीट दिसतच नाही. पट्टीतून करंट वाहत नसेल तर सगळं आलबेल वाटतं. म्हणून रोध मोजायचा नाही, करंट वाहत असताना किती व्होल्ट गळतात ते मोजायचं.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ केलेल्या टोकावर धरली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि मुलीला किल्ली फिरवायला सांगितली. मीटरनं ३.४ व्होल्ट दाखवले. अर्ध्या व्होल्टच्या वर जायला नको होते. गाडीखाली शिरून पट्टीचा बोल्ट उघडला. खाली हिरवट पांढरी भुकटी आणि त्याच्याखाली लाल गंज. वायर ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं लोखंड चकचकीत होईस्तोवर घासलं, बोल्ट परत आवळला आणि पुन्हा मोजलं. ०.२ व्होल्ट! किल्ली फिरवताच इंजिन गरगर फिरलं. दोन दिवस आधी चोकची, म्हणजे डॅशबोर्डपासून इंजिनापर्यंत जाणारी, तार हाताला गरम लागली होती आणि मी तिकडे दुर्लक्ष केलं होतं. आता उलगडा झाला. परतीचा हमरस्ता बंद पडल्यावर बिचारा करंट त्या बारीक तारेतून वाट काढत होता. स्टार्टर बदलला असता तर ती आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी अशी गत झाली असती.

काकांचा सल्ला इतका अचूक का लागला, यालाही कारण आहे. ॲम्बॅसॅडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं, आणि मायनरचं इंजिन त्याच कंपनीच्या ए-सिरीजचं. सख्खे भाऊच म्हणायचे. मायनर स्वतःसुद्धा १९५०च्या दशकात 'बेबी हिंदुस्तान' या नावानं आपल्या रस्त्यांवर धावलेली आहे. तिचा रचनाकार ॲलेक इसिगोनिस, पुढे १९५९मध्ये मिनी काढणारा तोच. १९४८च्या लंडनच्या मोटर शोमध्ये मायनर लोकांपुढे आली. त्याच्या थोडंच आधी गाडी फार अरुंद दिसते असं इसिगोनिसला वाटलं, तेव्हा त्यानं नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापून दोन्ही अर्धे भाग चार इंच दूर सरकवून बघितली. ते प्रमाण डोळ्यांत भरलं आणि तेच ठरलं. बंपर मात्र आधीच बनून पडले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मध्ये कापून तुकडा जोडलेले आहेत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सोळा लाखांच्या आसपास मायनर तयार झाल्या. दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ही पहिली ब्रिटिश गाडी.

आता गंजाकडे. इंजिनापेक्षा या गाडीला खरं मारतो तो गंज. मायनरला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो. त्यामुळे दरवाज्याखालच्या पोकळ पट्ट्या, मधला आडवा पाट, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे टांगलेल्या असतात ती जागा, यांतलं काही कुजलं तर रंग कितीही झळकत असला तरी गाडी धोक्याची. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ विरघळलेलं पाणी विजेला वाट देतं, त्यामुळे लोखंडाच्या एका कोपऱ्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोपऱ्यात ऑक्सिजनला जाऊन मिळतात आणि गंजाची क्रिया झपाट्यानं चालते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या जोडात शिरला की पाचर मारल्यासारखा जोड फाकवतो. माझी तपासणी साधी होती. लहान हातोडीनं सगळीकडे टकटक करत गेलो. चांगला पत्रा ठणकतो. कुजलेला फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. बद्द वाजलेल्या जागा खडूनं खुणावल्या आणि तेवढ्या वेल्डरकडून कापून नव्या पत्र्यानं भरून घेतल्या. हे काम मी घरी केलं नाही. ज्याच्यावर घरच्यांचा जीव अवलंबून आहे ते वेल्डिंग शिकाऊ हातानं होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

लहान सुटे भाग मात्र घरीच स्वच्छ केले, तेही विजेनं. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, एक भंगार लोखंडी पट्टी पॉझिटिव्हला, आणि दोन्ही एकमेकांना न शिवतील असे बुडवलेले. गंजलेल्या भागावर बारीक बुडबुडे येतात, तो हायड्रोजन. भागावरचा थोडा गंज काळ्या पुडीत बदलतो आणि ब्रशनं सहज निघून येतो. निरोगी लोखंडाला धक्का लागत नाही, हे घासण्यापेक्षा फार बरं. दोन गोष्टी सांभाळायच्या. हायड्रोजन पेटतो, म्हणून हे काम उघड्यावरच करायचं. आणि पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात.

पान्यांबद्दल एक सांगून ठेवतो. या गाडीचे नटबोल्ट इंचातले आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे खातो. इंचाचे पाने आधी घ्या. ब्रेकचं सगळं रबर मी न बघता बदललं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ४ तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १५५ अंशांनाही उकळू शकतं, आणि वाफ दाबली गेली की पाय थेट तळाला जातो. मायनरचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकच्या तेलावर दाब देणारा भाग, ड्रायव्हरच्या पायाखाली आहे, तेल बघायला गालिचा उचलावा लागतो. त्यामुळे वर्षानुवर्षं तिकडे कुणी फिरकत नाही.

पेट्रोलचं दुखणं वेगळं. टाकीत अकरा वर्षं राहिलेल्या पेट्रोलमधला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो आणि मागे वार्निशसारखा चिकट थर राहतो. टाकी उतरवली, धुतली, ताजं पेट्रोल घातलं. किल्ली लावली. मायनरचा एसयू पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि किल्ली लावताच टिकटिकायला हवा. कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) भरला की टिकटिक मंदावते, थांबते. ही टिकटिक म्हणजे फुकटचा डॉक्टर. ती थांबलीच नाही तर पेट्रोल संपलंय, पाइप कुठेतरी हवा ओढतोय किंवा कार्बोरेटर वाहतोय. आवाजच नाही तर पंपाचे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी टोकं, बहुधा चिकटलीत. माझा पंप मुका होता. टोपी काढली, दोन पॉइंटांच्या मधून कागदाची पट्टी दोनदा ओढली, कागदावर काळी रेघ उमटली, आणि पंप बोलू लागला.

जुने रबरी पाइप बदलणं मात्र टाळू नका. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालं, आपल्याकडे तर वीस टक्क्यांवर गेलंय. साठच्या दशकातलं रबर इथेनॉलसाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, भेगाळतं, आणि गळणाऱ्या पेट्रोलच्या शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो. गावाकडे कुणाची जुनी स्टँडर्ड हेराल्ड किंवा ॲम्बॅसॅडर उभी असेल तर पहिल्यांदा हा पाइप तपासा.

ठिणगी मिळवायला फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, पुरला. डिस्ट्रिब्युटरचे (प्लगना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या भागाचे) पॉइंट पंधरा हजारांश इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर उघडले पाहिजेत. पॉइंट बंद असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र उभं राहतं, उघडताच ते कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांवर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. इथे एक खुबी आहे. मायनरमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या नेमकं उलट. रेडिओ किंवा चार्जर बसवायचा म्हणून लोक हे फिरवून घेतात आणि कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करायला विसरतात. प्लगची मधली काडी सगळ्यात जास्त तापलेली असते, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून ठिणगीचं निगेटिव्ह टोक त्या काडीकडेच हवं. उलटं झालं तर ठिणगी पडायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. गाडी चालू राहते, पण थंडीत आणि चढावर रडते. मी माझी गाडी मूळची होती तशीच ठेवली.

एका शनिवारी दुपारी ती सुरू झाली. पण लाल दिवा विझेना. म्हणजे डायनामो, इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी भरणारं यंत्र, वीज देत नव्हता.

डायनामोला वीज बनवायला चुंबकीय क्षेत्र लागतं, आणि ते क्षेत्र तो स्वतःच्याच विजेतून उभं करतो. मग पहिली वीज कुठून येते? आतल्या लोखंडात मागच्या खेपेचं किंचित चुंबकत्व उरलेलं असतं, त्यातून. मीटरवर माझ्या डायनामोत ते जवळजवळ शून्य दिसलं. वर्षानुवर्षं पडून तो विसरला होता. उपाय जुन्या फिटरांना पाठ असतो. इंजिन बंद ठेवून डायनामोच्या दोन्ही वायरी काढल्या आणि 'एफ' लिहिलेल्या टोकाला बॅटरीच्या अर्थ न केलेल्या, म्हणजे माझ्या गाडीत निगेटिव्ह, टोकाकडून आलेली वायर तीनचार वेळा क्षणभर टेकवली. प्रत्येक वेळी निळी ठिणगी उडाली. वायरी परत जोडल्या, इंजिन सुरू केलं, हळूहळू रेस दिली. दिवा आधी मंद झाला, मग लालसर तार तेवढी दिसत राहिली, मग तीही गेली. त्या दिव्याचं एक टोक बॅटरीकडे आणि दुसरं डायनामोकडे असतं. दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं झालं की त्यातून वाहायला काही उरत नाही. मी काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन डॅशबोर्डसमोर धरला.

"विझला?" काकांनी विचारलं.

"विझला, काका."

"मग आता रेस कमी कर. उगाच कशाला पेट्रोल जाळतोस."