मालाकाते: टकळीपासून तेलविहिरीपर्यंत

मेक्सिकोतल्या चांदीच्या खाणींचे जुने स्पॅनिश कागद इंग्रजीत आणताना ‘मालाकाते’ या शब्दापाशी हमखास अडायला होतं. कोशात बघितलं तर ‘विंच’, म्हणजे दोर गुंडाळून ओझं ओढायचं यंत्र, असा अर्थ मिळतं. ते पूर्ण चूक नाही, पण अठराव्या शतकातल्या खाणीच्या हिशेबात ‘विंच’ वाचून डोळ्यांसमोर येतं ते भलतंच यंत्र.

शब्द मुळात स्पॅनिश नाहीच. मेक्सिकोतल्या मूळच्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘मालाकात्ल’ म्हणजे सूत कातायची टकळी. आलोन्सो दे मोलिना या स्पॅनिश धर्मगुरूच्या 1571 च्या नाहुआत्ल कोशात हाच अर्थ आहे. पुरातत्त्वाच्या लिखाणात मालाकाते म्हणजे आजही टकळीची भाजक्या मातीची चकती. तिथे ‘मातीचं विंच’ असं भाषांतर झालं, तर हसावं की रडावं कळत नाही.

स्वतःभोवती फिरून धागा गुंडाळणाऱ्या वस्तूचं नाव पुढे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राला मिळालं. मधोमध जाड लाकडी खांब उभा, त्यावर मोठं पिंप, पिंपावर उलटसुलट गुंडाळलेले दोन दोर. एक वर यायला लागला की दुसरा आपोआप खाली जाणार. खांबाच्या आडव्या दांड्यांना जुंपलेली खेचरं नाहीतर घोडी घाण्याच्या बैलांसारखी गोल फिरत राहायची. दोर कप्प्यांवरून खाणीच्या तोंडात उतरायचे. त्यांनी खनिज वर यायचं आणि पाणीही उपसलं जायचं, तेही कातडी शिवून केलेल्या थैल्यांनी. 1803 मध्ये मेक्सिकोत आलेल्या हुम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाला हे मुळीच पटलं नाही. पंप बसवायचे सोडून सतत झिजणाऱ्या कातड्यावर आणि जनावरांवर पैसा कसला घालवता, असा त्याचा सूर होता.

पंप आले ते इंग्रजांबरोबर. 1824 मध्ये एका ब्रिटिश कंपनीने मेक्सिकोतल्या रेआल देल मोन्ते या गावच्या पाणी भरलेल्या खाणी चालवायला घेतल्या आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून खाणकामगार आणले. वाफेची अवजड यंत्रं वेराक्रूसच्या किनाऱ्यावर उतरवून सुमारे 2700 मीटर उंचीवर चढवायची होती. किनाऱ्यावरच पीतज्वराने कित्येक माणसं मेली. 1849 मध्ये कंपनीने तोट्यात गाशा गुंडाळला. कॉर्नवॉलची ‘पेस्टी’, म्हणजे सारण भरून भाजलेली करंजी, मात्र ‘पास्ते’ होऊन तिथे आजही खाल्ली जाते.

या लोकांना मालाकाते नवं नव्हतं. त्यांच्या गावी हेच यंत्र होतं आणि त्याला ते ‘व्हिम’ म्हणत. उत्तर इंग्लंडात त्याचं नाव ‘जिन’. दोन्ही शब्द बरोबर, पण आजच्या वाचकाला व्हिम म्हणजे लहर आणि जिन म्हणजे दारू. म्हणून ‘हॉर्स व्हिम’ असं लिहून पहिल्या उल्लेखाला मूळ शब्दही ठेवावा, हे मला बरं वाटतं.

पुढे जनावरं गेली, वाफ आली, तरी नाव टिकलं. कॉर्नवॉलमध्येही वाफेवर चालणाऱ्या उचल-यंत्राला ‘व्हिम इंजिन’च म्हणत. आज लॅटिन अमेरिकेतल्या तेलविहिरींवर, ज्या ड्रमवर तारेचा दोर गुंडाळून ड्रिलिंगचे पाइप वर-खाली करतात, तोही मालाकातेच. तिथे इंग्रजीत ‘ड्रॉवर्क्स’ लिहायचं. ‘व्हिम’ लिहिलं तर रिगवरचा माणूस विचारेल, हे काय असतं?