रिफ्रेशर कोर्स (विद्यापीठ आणि कॉलेज शिक्षकांचे)

रिफ्रेशर कोर्स म्हणजे विद्यापीठात किंवा सीनियर कॉलेजात नोकरीला लागलेल्या शिक्षकांनी नोकरी चालू असतानाच करायचं दोन-तीन आठवड्यांचं प्रशिक्षण. नव्याने लागलेल्यांना त्याआधी ओरिएंटेशन करावं लागतं, ते महिनाभराचं. स्टाफरूममध्ये मात्र दोन्ही एका दमातच म्हणतात, ओरिएंटेशन-रिफ्रेशर, आणि नवीन माणूस जॉईन झाला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सीनियर त्याला बाजूला घेऊन सांगतो की बाबा ते आधी उरकून घे. याचे पैसे यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) देते, ठरावीक विद्यापीठांतली केंद्रं ते चालवतात आणि सर्टिफिकेट प्रमोशनच्या फाईलला लागतं. या तिसऱ्या भानगडीपायी कोर्सचं बरंचसं रूप ठरलेलं आहे, त्यामुळे इथे पण तिचाच विषय जास्त येईल.

सुरुवात कशी झाली

आपल्याकडे शाळेत शिकवायचं तर डीएड-बीएड लागतं, कॉलेजात शिकवायला तसं काहीच लागत नाही. एमए-एमएस्सी करा, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा काढा (महाराष्ट्र आणि गोव्याची सेट पुणे विद्यापीठ घेतं), मुलाखत झाली की दुसऱ्या दिवशी थेट साठ-सत्तर पोरांसमोर उभे. फळ्यावर कसं लिहायचं, पेपर कसा काढायचा, मागच्या बाकावरच्या पोराला कसं बोलतं करायचं हे कोणी शिकवलेलं नसतं, आपल्याला शिकवणाऱ्या सरांचं बघून जेवढं आलं तेवढंच. याची ओरड जुनीच होती. उच्च शिक्षणातल्या शिक्षकांसाठी रईस अहमद यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९८५ मध्ये हे मांडलं आणि १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ते घेतलं गेलं. त्यातून १९८७-८८ पासून यूजीसीने विद्यापीठांमध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढायला सुरुवात केली, पहिल्या टप्प्यात ४८ मंजूर झाली आणि पुढे ती ६६ पर्यंत गेली.

पाटी बऱ्याचदा बदलली आहे. २०१५ मध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजचं ह्युमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर झालं. मग ५ सप्टेंबर २०२३ ला, शिक्षक दिनाच्या मुहूर्तावर, मालवीय मिशन टीचर ट्रेनिंग सेंटर हे नाव आलं आणि देशभरात अशी १११ केंद्रं जाहीर झाली. जुनी माणसं अजूनही ‘स्टाफ कॉलेज’च म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही तेच कळतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांत ही सोय फार आधीपासून आहे, कोकणातले बरेच जण गोवा विद्यापीठाचं केंद्र धरतात कारण ताळगावच्या पठारावर जाणं त्यांना मुंबईपेक्षा सोपं पडतं.

कोर्समध्ये काय असतं

जुन्या नियमात ओरिएंटेशन चार आठवड्यांचं, २४ कामाचे दिवस आणि १४४ तास, म्हणजे रोजचे सहा तास. रिफ्रेशर तीन आठवड्यांचं, १८ दिवस आणि १०८ तास. ओरिएंटेशनचे चार भाग ठरलेले होते: समाज-पर्यावरण-शिक्षण यांचं नातं, शिक्षणाचं तत्त्वज्ञान आणि अध्यापनशास्त्र, माहितीची साधनं, आणि व्यवस्थापन व व्यक्तिमत्त्व विकास. २०१९ पासून याच ओरिएंटेशनला ‘गुरु दक्षता’ फॅकल्टी इंडक्शन प्रोग्राम म्हणतात. रिफ्रेशर विषयाप्रमाणे असतं, केमिस्ट्रीवाल्यांचं वेगळं, मराठीवाल्यांचं वेगळं, शिवाय पर्यावरण, जेंडर, आयसीटी (माहिती तंत्रज्ञान) असे कुठल्याही विषयाच्या माणसाला चालणारे कोर्सही असतात, आणि आपल्या विषयाचं वेळेत लागलं नाही की लोक तिकडे वळतात. मग पर्यावरणाच्या कोर्सला अकाउंटन्सी, संस्कृत आणि फिजिकल एज्युकेशन एका बाकावर.

प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते कुठल्याही केंद्रात साधारण सारखंच. दहाला पहिलं सेशन, त्याआधी मस्टरवर सही, जेवणानंतर परत सही, कारण हजेरीत गफलत झाली तर सर्टिफिकेट अडकतं. दीड-दीड तासाची चार सेशनं, मध्ये चहा-बिस्किटं. बाहेरून आलेल्या रिसोर्स पर्सनवर सगळं अवलंबून, माणूस चांगला मिळाला तर लोक चहा विसरून बसतात आणि नाही मिळाला तर जेवणानंतरच्या सेशनला अर्धा हॉल डुलक्या घेत असतो (वर्गात डुलकी काढणाऱ्या पोराला उठवणारे हेच). शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने सेमिनार द्यायचा, मायक्रोटीचिंग म्हणून दहा-पंधरा मिनिटांचा पाठ घ्यायचा, प्रोजेक्ट द्यायचं आणि एक वस्तुनिष्ठ परीक्षा. मायक्रोटीचिंगला वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसांचेही हात थरथरतात, कारण समोर विद्यार्थी नसून सगळे सरच बसलेले असतात आणि नंतर ते बिनदिक्कत चुका सांगतात. ग्रेड मिळते, ५० टक्क्यांच्या खाली गेलं तर कोर्स पुन्हा करावा लागतो, पण असं फारसं कोणाचं होत नाही. व्हॅलेडिक्टरी, फीडबॅक फॉर्म, ग्रुप फोटो आणि मग हातात सर्टिफिकेट.

प्लेसमेंट आणि तारखांचा खेळ

शिक्षकांच्या बोलण्यात प्लेसमेंट म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीममधलं वरच्या स्केलला जाणं. चौथ्या वेतन आयोगाच्या वेळी सीनियर स्केल आणि सिलेक्शन ग्रेड आलं तेव्हाच कोर्स त्याला जोडला गेला. सध्या यूजीसीची १८ जुलै २०१८ ची नियमावली लागू आहे आणि महाराष्ट्रात ती ८ मार्च २०१९ च्या जीआरने आली. लेव्हल १० (असिस्टंट प्रोफेसरची पहिली वेतनश्रेणी) वरून ११ ला जायला पीएचडी असेल तर चार वर्षं, एमफिल असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा वर्षं नोकरी, त्याशिवाय २१ दिवसांचं ओरिएंटेशन, आणि वर एक रिफ्रेशर किंवा संशोधन पद्धतीचा कोर्स, नाहीतर आठवड्याची दोन एफडीपी (छोटी शिक्षक प्रशिक्षणं), किंवा सर्टिफिकेटसह एक मूक (MOOC, म्हणजे सगळ्यांना खुला ऑनलाईन) कोर्स यातलं काहीतरी. ११ वरून १२ ला पाच वर्षं आणि पुन्हा कोर्स, १२ वरून १३ए ला तीन वर्षं आणि पुन्हा कोर्स. १३ए म्हणजे असोसिएट प्रोफेसर, तिथून पुढे लेव्हल १४ ला प्रोफेसर व्हायचं तर मात्र भर संशोधनावर जातो.

आता गंमत अशी की नोकरीची वर्षं भरली पण कोर्स राहिला असेल तर प्लेसमेंट वर्षं भरल्याच्या तारखेपासून मिळत नाही, कोर्स संपल्यापासून मिळतं. समजा पीएचडी झालेल्या एका मॅडम १ जुलै २०१९ ला लागल्या. १ जुलै २०२३ ला त्यांची चार वर्षं भरली, तेव्हा बेसिक ५७,७०० वरून चढत ६४,९०० झालेलं, आणि प्लेसमेंट झालं तर लेव्हल ११ मध्ये ६८,९००. ओरिएंटेशन झालंय पण रिफ्रेशर २५ नोव्हेंबरला संपलं, तर तारीख धरणार २६ नोव्हेंबर. पाचेक महिन्यांचा फरक गेला, डीए-एचआरए धरून, पण खरं दुखणं पुढे, कारण पुढची पाच वर्षं त्याच उशिराच्या तारखेपासून मोजणार आणि त्याच्या पुढची तीन पण. म्हणजे एक रिफ्रेशर चुकलं की ते प्रोफेसर होईपर्यंत पाठ सोडत नाही. म्हणून मग मार्च-एप्रिलमध्ये केंद्रांचं वेळापत्रक लागलं की झुंबड उडते, विषय काय आहे ते नंतर बघू, आधी तारखा बघा.

बरं, नुसतं आपण ठरवून चालत नाही. प्राचार्यांनी कार्यमुक्त करायला हवं, आणि एकाच विभागात दोनच माणसं असतील तर प्राचार्य म्हणणार की परीक्षा झाल्यावर जा, नॅक (कॉलेजचं मूल्यांकन) झाल्यावर जा. ड्यूटी लीव्ह नियमात वर्षाला ३० दिवसांपर्यंत आहे, मात्र आपल्या जागी तास कोण घेणार याचं उत्तर कुठल्याच नियमात नाही. सर्टिफिकेट आलं की आयक्यूएसीकडून (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडून) तपासणी, मग विद्यापीठाची समिती, मग सहसंचालक कार्यालय, ज्याला सगळे जेडी ऑफिस म्हणतात, तिथे पगारनिश्चिती. या रांगेत फाईल वर्षभर राहिली तरी कोणाला नवल वाटत नाही. जुन्या बॅचेसचे कोर्स वेळेत झाले नव्हते म्हणून यूजीसीला मुदतवाढही एकदा नव्हे, बऱ्याचदा द्यावी लागली.

ऑनलाईन झाल्यानंतर

२०१८ मध्येच ‘अर्पित’ नावाने स्वयम् पोर्टलवर ऑनलाईन रिफ्रेशर सुरू झालं होतं, परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घ्यायची. पण खरा फरक पडला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. सगळी केंद्रं झूम-गूगल मीटवर गेली, दिल्लीच्या रामानुजन कॉलेजच्या केंद्राचे कोर्स तर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांनी घरात बसून केले. मालवीय मिशनचा नवीन शिक्षण धोरणावरचा कार्यक्रमसुद्धा ऑनलाईनच असतो, ३६ तासांचा, आठ विषयांचा.

याने सोय झाली यात वादच नाही. लहान मूल असलेल्या बायकांना तीन आठवडे परगावी हॉस्टेलवर राहणं जमत नव्हतं, त्यामुळे त्यांची प्लेसमेंट रखडायची आणि हे कुठल्या अहवालात येत नसलं तरी प्रत्येक कॉलेजात एखादं तरी उदाहरण सापडायचं. गडचिरोली-नंदुरबारच्या माणसाचा प्रवास वाचला. पण कॅमेरा बंद, म्यूट, आणि एका बाजूला सेमिस्टरचे पेपर तपासणं चालू, असाही कोर्स होतो हे सगळ्यांना माहीत आहे. निवासी कोर्सात जे मिळायचं ते सेशनच्या बाहेर असायचं. रात्री जेवण झाल्यावर गेस्ट हाऊसच्या कट्ट्यावर परभणीचा आणि पालघरचा इतिहासवाला बसून आपल्याकडे अभ्यासक्रम कसा चालतो, पीएचडीला गाईड कोण घेतो, कुठल्या जर्नलला पेपर पाठवू नये हे बोलायचे, त्यातून पुढे एकत्र पेपर निघायचे, एकमेकांच्या कॉलेजात व्याख्यानं व्हायची. संभाजीनगरला कोर्स असेल तर रविवारी वेरूळ ठरलेलं. अमरावतीच्या कॅम्पसला पोहऱ्याचं जंगल जवळ, त्यामुळे बिबट्याच्या बातम्या ऐकून संध्याकाळी फिरायला जाणारे गट करून जायचे. ते सगळं लॅपटॉपवर होत नाही.

कोर्सला आल्यावर कॅम्पसवर काय हाताला लागतं

तालुक्याच्या कॉलेजातल्या माणसाला विद्यापीठाची लायब्ररी हीच मोठी कमाई असते. पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय १९५० चं, पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं, आणि तिथे जुन्या मराठी नियतकालिकांचे बांधीव खंड चाळता येतात जे गावाकडे बघायलाही मिळणार नाहीत. जर्नल्सचं दुखणं आता थोडं हलकं झालंय: इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेमुळे कॉलेजांना ई-जर्नल्स मिळायची, आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं, त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स आहेत आणि सरकारी विद्यापीठं, सरकारी कॉलेजं, केंद्राच्या संशोधन संस्था त्यात येतात. खासगी संस्थांच्या कॉलेजांना याचा फायदा पहिल्या टप्प्यात नाही, आणि महाराष्ट्रात बहुतेक अनुदानित कॉलेजं खासगी संस्थांचीच आहेत, म्हणजे गरज जिथे जास्त तिथेच दार बंद.

सर्टिफिकेटच्या पलीकडची एक चांगली व्यवस्था पुणे विद्यापीठाच्याच कॅम्पसवर आहे, आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली ही संस्था विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांना तीन वर्षांसाठी व्हिजिटिंग असोसिएट करून घेते, म्हणजे सुट्टीत या, राहा, लायब्ररी-कॉम्प्युटर वापरा, इथल्या लोकांबरोबर काम करा आणि परत जाऊन आपल्या पोरांना शिकवा. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईन्स्टाईनचे पुतळे असलेल्या तिथल्या कुंडाच्या पायऱ्यांवर बसून फिजिक्सवर वाद घालणारे बरेचसे लोक कुठल्यातरी लहान कॉलेजातले असतात. इथे येण्याने प्लेसमेंटचं काही अडत नाही की सुटत नाही, तरी लोक येतात.

इंजिनिअरिंगवाल्यांची वाट वेगळी आहे. त्यांना एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद), तिच्या अटल अकॅडमीचे एफडीपी, आणि तंत्रशिक्षकांना प्रशिक्षण देणारं भोपाळचं एनआयटीटीटीआर, ज्याच्याकडे महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही येतात. आयआयटीत जाऊन पगारी एमटेक-पीएचडी करायची क्यूआयपी योजना १९७० पासूनची.

कोणाला मिळत नाही

तासिका तत्त्वावरच्या म्हणजे सीएचबीच्या शिक्षकांना काही वर्षं शिकवल्यावर कोर्सला बसता येतं, पण प्लेसमेंट नसल्यामुळे त्यांच्या सर्टिफिकेटचा उपयोग पुढच्या मुलाखतीपुरता, आणि ऑफलाईन कोर्सला गेलं तर तेवढ्या दिवसांच्या तासांचे पैसे बुडतात.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचं तर विचारूच नका. स्टाफ कॉलेजच्या योजनेत त्यांच्यासाठी छोट्या प्रशिक्षणाची तरतूद होती, पण ती वर्षातून एखाद्या वेळी, आणि साहेबांनी सोडलं तर. क्लार्कला लागताना टायपिंग, मराठी ३० आणि इंग्रजी ४०, आणि एमएस-सीआयटी, मग त्यानंतर निवृत्तीपर्यंत जे शिकायचं ते टेबलावरच. परीक्षा विभागात एक सॉफ्टवेअर जाऊन दुसरं येतं, आधी एमकेसीएलची डिजिटल युनिव्हर्सिटी, आता दिल्ली विद्यापीठाने बनवलेलं समर्थ, त्याचं एक-दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं आणि पुढच्या सोमवारी खिडकीवर विद्यार्थ्यांची रांग लागलेली असते. बढती नाही मिळाली तरी वरचं वेतन देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेचा हिशोब नोकरीच्या वर्षांवर चालतो, आणि १०, २० आणि ३० वर्षांचे टप्पे द्या ही त्यांच्या २०२३ च्या संपातली एक मागणी होती, त्यात कोर्सचा संबंध कुठेच नाही. ज्यांना पुढे शिकायचंच असतं ते यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए-बीकॉम करतात, शिपाई म्हणून लागून डिग्रीच्या जोरावर क्लार्क झालेले लोक बऱ्याच विद्यापीठांत भेटतील, आणि फीचे पैसे बहुतेकांनी स्वतःच्या खिशातून भरलेले असतात.