लायबेरियात शांतता आली, पण ती मोजायची कशी?

7 डिसेंबर 2003. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया, आणि शहराबाहेर शेफलिन नावाचा मिलिटरी कॅम्प. यादवी युद्ध थांबून जेमतेम चार महिने झालेत आणि यूएनने जाहीर केलंय की बंदूक आणून जमा करा, नाव नोंदवा, 300 डॉलर मिळतील, तेही दोन हप्त्यांत. तयारी होती साधारण हजारेक जणांची. आले त्याच्या कितीतरी पट, हातात भरलेल्या बंदुका, त्यातले बरेचसे तर पोरसवदा. पैसे आत्ता लगेच मिळणार नाहीत हे कळल्यावर ती पोरं परत शहरात घुसली, गोळीबार केला, माणसं मेली आणि शेवटी अख्खा कार्यक्रमच बंद ठेवावा लागला तो पार पुढच्या एप्रिलपर्यंत.

आता गंमत नाही, खरंच सांगतो, लायबेरियातल्या याच शांतिसेनेच्या मिशनला आज यूएनच्या चांगल्या जमलेल्या मिशनमधे धरतात. मला वाटतं ते बरचसं खरं आहे. पण ते खरं आहे हे ठरवायचं कसं हा फार अवघड प्रश्न आहे आणि त्यावर संशोधकांनी मनापासून डोकं लावलंय, म्हणून हा लेख.

मागची गोष्ट थोडक्यात. 1989 च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी चार्ल्स टेलर नावाचा बंडखोर नेता शेजारच्या आयव्हरी कोस्टच्या बाजूने माणसं घेऊन घुसला, तिथून सुरू झालेलं युद्ध मधली दोन-तीन वर्षं सोडली तर 2003 पर्यंत चाललं. मेलेल्यांचा वरचा अंदाज अडीच लाख, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आसपास, म्हणजे बारा माणसांमागे एक गेला. मनरोव्हियात पांढरे कपडे घातलेल्या बायका, ख्रिश्चन आणि मुसलमान एकत्र, शांततेसाठी महिनोन्महिने उन्हापावसात धरणं धरून बसल्या. ऑगस्ट 2003 मधे टेलरने (तो मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष झाला होता) राजीनामा दिला आणि नायजेरियात गेला, घानाची राजधानी आक्रात शांतता करार झाला, आणि 1 ऑक्टोबरपासून यूएनचं मिशन सुरू झालं. नाव अन्मिल. 15,000 सैनिकांपर्यंत परवानगी, शिवाय हजारावर पोलिस. ते 30 मार्च 2018 ला बंद झालं. साडेचौदा वर्षं, म्हणजे युद्ध जितकं चाललं जवळपास तितकंच.

मग काम झालं का? सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आकडे. वर सांगितलेल्या शस्त्र जमा करायच्या कार्यक्रमात 1 लाख 3 हजारांहून जास्त माणसांची नोंद झाली. हा आकडा रिपोर्टात फार छान दिसतो. पण सुरुवातीचा अंदाज होता 38,000 लढवय्यांचा, आणि जमा झालेल्या बंदुका होत्या 28,000 च्या आसपास. म्हणजे साधारण चार माणसांमागे एक बंदूक! याची काही कारणं अगदी रास्त आहेत, टोळ्यांबरोबर फरफटत नेलेल्या बायका आणि लहान मुलं यांना बंदूक न दाखवता नोंद करता येत होती आणि ते बरोबरच होतं, त्यांनी युद्ध भोगलेलं होतं. पण नियमात असंही होतं की बंदूक नसेल तर 150 काडतुसं आणली तरी चालेल. मग कमांडर लोकांनी गोळ्या वाटल्या, कुणाच्या भाच्याला, कुणाच्या शेजाऱ्याला, आणि मिळालेल्या पैशात आपला वाटा घेतला. त्यामुळे एक लाख हा आकडा यशाचा आहे का घोळाचा? दोन्हीचा. नुसत्या आकड्याकडे बघून ते वेगळं काढताच येत नाही, आणि माझा मुद्दा इथूनच सुरू होतो, जे मोजायला सोपं असतं ते मोजलं जातं आणि जे मोजायला हवं ते राहून जातं.

दुसरा मार्ग म्हणजे तुलना. जगात जिथे शांतिसैनिक गेले आणि जिथे गेले नाहीत अशा देशांची तुलना करा, कुठे युद्ध परत पेटलं ते बघा. ऐकायला सोपं वाटतं पण यात एक मोठा फास आहे. आग लागली की बंब येतो, म्हणून जिथे जिथे बंब दिसतो तिथे तिथे जळालेली घरं जास्त दिसणार, त्यावरून कुणी म्हटलं की बंबामुळेच घरं जळतात तर आपण त्याला वेड्यात काढू. शांतिसैनिकांचंही तसंच आहे. व्हर्जिनिया पेज फोर्टना या अभ्यासक बाईंनी हेच तपासलं आणि दाखवून दिलं की यूएन सोप्या ठिकाणी जात नाही, जिथे शांतता टिकायची शक्यता मुळातच कमी तिथे जातं. ही गोष्ट हिशेबात धरली की मग चित्र पालटतं, शांतिसैनिक असले तर युद्ध परत सुरू व्हायचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांतही साधारण हाच कौल आलाय.

पण हे झालं देशाच्या पातळीवर. लायबेरियातल्या गावात काय बदललं?

इथे मला सगळ्यात आवडलेला अभ्यास येतो, रॉबर्ट ब्लेअर यांचा. त्यांनी बंदुका मोजल्या नाहीत, त्यांनी विचारलं की गावात गंभीर गुन्हा घडला तर तुम्ही कुणाकडे जाता, पोलिसाकडे का गावच्या मुखियाकडे? आणि मुखिया आरोपीचं काय करतो? या दुसऱ्या प्रश्नामागे एक भयंकर प्रथा आहे, तिकडे तिला सॅसीवुड म्हणतात. चोरीचा किंवा जादूटोण्याचा आळ आला की त्या माणसाला विषारी झाडाच्या सालीचं पाणी पाजायचं, नाहीतर तापवून लाल केलेला कोयता पायाला लावायचा, ओकून वाचला किंवा कातडी भाजली नाही तर निर्दोष. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, मराठेशाहीत आपल्याकडे दिव्य होतंच की, उकळत्या तेलातून हाताने धातूचा रवा काढायचा आणि मग हाताला फोड येतात का ते बघायचे. वतनाचे कितीतरी तंटे असे "मिटले". ज्याला जवळ कोर्ट नाही आणि असलेल्या कोर्टावर भरवसा नाही तो समाज देवालाच न्यायाधीश करतो, लायबेरियात काय आणि इथे काय.

ब्लेअर यांना दिसलं ते असं, ज्या लोकांचा अन्मिलशी जास्त संबंध आला ते गंभीर गुन्ह्यांसाठी सरकारी यंत्रणेकडे जास्त जायला लागले, आणि मुखियासारखी मंडळीही सॅसीवुडसारखे बेकायदा मार्ग सोडून कायदेशीर मार्गाकडे वळली. यूएनच्या शिपायाने स्वतः खटले चालवले नाहीत, त्याला तो अधिकारच नव्हता. तो गावात आला, बोलला, कुठे जायचं ते सांगितलं, एवढ्यानेही फरक पडला. शांततेचं खरं माप काय असं मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन, की रात्री घरात चोर शिरला तर सकाळी माणूस कोयता तापवतो का पोलिस चौकी शोधतो.

आपला एक धागाही यात आहे. जानेवारी 2007 मधे भारताने सीआरपीएफच्या शंभरावर महिलांची तुकडी मनरोव्हियाला पाठवली, यूएनच्या इतिहासातली पहिली पूर्ण महिला पोलिस तुकडी. राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसबाहेर निळी हेल्मेटं घालून उभ्या राहिलेल्या, रात्रीची गस्त घालणाऱ्या. 2016 साली त्या परत आल्या तेव्हा लायबेरियाच्या सुरक्षा दलांतलं बायकांचं प्रमाण 6 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर गेलंय असं यूएनने सांगितलं. अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण सगळं श्रेय आपल्या मुलींना देता येत नाही कारण पोलिसात 20 टक्के बायका भरायचं टार्गेट तिकडच्या सरकारचंही होतं. कुणामुळे किती वाढलं हे वेगळं काढायला तेव्हा कुणी मोजमापच आखून ठेवलं नव्हतं.

मोजमाप आधी आखलं तर काय कळतं याचं उदाहरणही लायबेरियातच आहे. ख्रिस्तोफर ब्लॅटमन आणि जीनी अ‍ॅनन यांनी जुन्या लढवय्यांसाठी चाललेल्या शेती प्रशिक्षणाचा अभ्यास केला. हजाराच्या वर माणसं, आणि कुणाला प्रशिक्षण मिळणार ते अक्षरशः चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे दोन्ही गट सारखेच, फरक फक्त प्रशिक्षणाचा. वर्षभराने बघितलं तर शिकलेल्यांची कमाई महिन्याला साधारण 12 डॉलरने वाढलेली आणि बेकायदा कामात जाणारा वेळ पाचव्या हिश्शाने कमी झालेला. आणि 2011 मधे शेजारच्या आयव्हरी कोस्टमधे लढाई पेटली, तिथले दलाल भाडोत्री लढवय्ये शोधत फिरत होते, तेव्हा हे लोक त्यांच्या नादी कमी लागले. बेकायदा धंदा पूर्ण कुणी सोडला नाही, पण बारा डॉलरने युद्धाची ओढ कमी होते हे कळलं ना!

आता एक गोष्ट जी कुठल्याही यशाच्या यादीत बसत नाही आणि जी सांगितल्याशिवाय हे मूल्यमापन प्रामाणिक होणार नाही. मनरोव्हियात 18 ते 30 वयाच्या मुलींची पाहणी झाली, त्यावरून संशोधकांचा अंदाज असा निघाला की निम्म्याहून जास्त जणींना कधी ना कधी पैशासाठी किंवा वस्तूंसाठी शरीरसंबंध ठेवावे लागले, आणि त्यातल्या चारपैकी तीन जणींच्या बाबतीत समोरचा माणूस यूएनचा होता. हे वाचून मी सुन्न झालो. यूएनचा नियम कागदावर स्पष्ट होता, असले संबंध बंद. ज्यांना संरक्षणासाठी पाठवलं त्यांनीच भुकेचा फायदा घेतला, आणि युद्ध परत पेटलं नाही म्हणून हे माफ होत नाही. मिशनचं मार्कशीट बनवायचं तर हा विषय त्यात नापासच आहे.

मिशन चालू असतानाच 2017 च्या निवडणुकीत जॉर्ज वेआ, एकेकाळचा जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू, निवडून आला, 1944 नंतर पहिल्यांदा एका निवडून आलेल्या अध्यक्षाने दुसऱ्याला शांतपणे सत्ता दिली. पण तेव्हा निळी हेल्मेटं, म्हणजे यूएनची माणसं, अजून देशात होती. मला जास्त महत्त्वाची वाटते ती 2023 ची निवडणूक. यूएनचं सैन्य जाऊन पाच वर्षं झालेली, मतांचा फरक अगदी थोडा, आणि अंतिम निकाल जाहीर व्हायच्या आधीच हरलेल्या वेआने फोन करून विरोधी उमेदवार जोसेफ बोआकाईंचं अभिनंदन केलं. गोळी चालली नाही.

टेलरला 2012 मधे 50 वर्षांची शिक्षा झाली, पण ती शेजारच्या सिएरा लिओन देशातल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियात जे अडीच लाख गेले त्यांच्यासाठी लायबेरियातल्या कुठल्याही कोर्टात अजून एकालाही शिक्षा झालेली नाही, आणि त्या काळचे काही कमांडर पुढे निवडणुका जिंकून सिनेटमधे बसले.