स्वादुपिंडातील फसव्या गाठी

स्कॅनवर स्वादुपिंडाच्या कर्करोगासारखे दिसणारे, पण कर्करोग नसलेले विकार. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा एम्स या रुग्णालयांत विदर्भातून आणि छिंदवाडा-बालाघाटकडून येणाऱ्या रुग्णांत असा संशय आला की क्षयाचा विचार सुरुवातीलाच करावा लागतो.

स्वादुपिंडाच्या क्षयात वजन घटते, बारीक ताप राहतो, भोवतालच्या लसिकाग्रंथी सुजून मधोमध कुजतात. निदान एंडोस्कोपिक सोनोग्राफीत (तोंडावाटे आत नेलेल्या नळीतून केलेल्या सोनोग्राफीत) जठराच्या किंवा ग्रहणीच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) भिंतीतून सुई घालून काढलेल्या नमुन्यावर होते. नमुना कमी निघतो आणि सगळाच फॉर्मेलिनमध्ये टाकला जातो, ही नेहमीची चूक. फॉर्मेलिनने जंतू मरतात व कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करता येत नाही. काही भाग सलाईनमध्ये ठेवून सीबीनॅट (क्षयजंतूची जनुके शोधणारी चाचणी) आणि कल्चरला पाठवावा. क्षय ठरला तर पहिले 2 महिने चार औषधे, पुढे निदान 4 महिने तीन.

दुसरा मोठा फसवा विकार म्हणजे स्वयंप्रतिकार स्वादुपिंडदाह; यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडावर उलटते. न दुखता कावीळ होते, ग्रंथी सॉसेजसारखी फुगते, कडेने फिकट किनार दिसते. या आजाराच्या दोन प्रकारांपैकी पहिल्यात रक्तातील आयजीजी-4 हे प्रतिपिंड बहुधा 135 मिलिग्रॅम/डेसिलिटरपेक्षा जास्त असते. मात्र थोडी वाढ कर्करोगातही आढळते. रोज 30 ते 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन 2 आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात. सूज उतरली नाही, तर निदानच चुकले समजावे. सुईतपासणीआधी ‘देऊन बघू’ म्हणून स्टेरॉइड सुरू करणे येथे विशेष धोक्याचे: आत क्षय असेल तर तो फोफावतो.

स्वादुपिंडाच्या शेपटाकडील लहान, गोल गाठ कधी उपप्लीहा, म्हणजे प्लीहेचाच सुटा छोटा तुकडा, असते. एमआरआयच्या प्रत्येक क्रमात ती प्लीहेसारखीच दिसते. खात्रीसाठी उष्णतेने बिघडवलेल्या तांबड्या पेशींचा टेक्नेशियम (किरणोत्सारी द्रव्य) स्कॅन करतात. सिकलसेलच्या रुग्णात मूळ प्लीहाच आक्रसलेली असली, तर तुलना करायची कशाशी? स्वादुपिंडाच्या डोक्याकडील चरबीचा ठिपका एमआरआयमध्येच ओळखू येतो, पित्तनलिका दाबली जात नाही. दीर्घकालीन दाहाची गाठ मात्र सर्वांत चिवट; तिच्यातून स्वादुनलिका (स्वादुपिंडाची मुख्य नळी) आरपार जाताना दिसली तर दाहाकडे कल धरतात.

सीए 19-9 या रक्तातील कर्करोग-निदर्शकाची 37 युनिट/मिलिलिटर ही मर्यादा कावीळ असताना फसवते, कारण पित्त तुंबले तरी आकडा चढतो. बिलिरुबिन उतरल्यावर तपासणी पुन्हा करावी. सीटी स्कॅन पित्तनलिकेत स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी वा नळी) टाकण्याआधी करावा. नंतरच्या सुजेत गाठीच्या कडा पुसट होतात. सुईच्या नमुन्यात कर्करोगपेशी सापडल्या नाहीत, एवढ्याने कर्करोग नाही असे ठरत नाही.